उपाशी वाकळ

सध्या माझ्या मशीनवर बरंच काही अर्धवट पडलं आहे. गणवेशाच्या कारखान्यातून किलोवर आणलेल्या कटपीसच्या झोळ्या आहेत, त्यांना बंद लावायचे राहिलेत. आईच्या परकराचा नेफा आहे. खालच्या मजल्यावरच्या अक्कांना गॅसच्या सिलिंडरसाठी झालरीचा फ्रॉक हवा आहे. जिथे माणसांना अंगभर कापड मिळत नाही तिथे मी लोखंडाला फ्रॉक शिवणार नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे माप आणून दिलं, दुसऱ्या दिवशी कापड आणून दिलं, आणि आता तो फ्रॉक झालरीपर्यंत आला आहे.

या सगळ्याच्या खाली एका पिशवीत वाकळीतून उरलेले तुकडे आहेत. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिला आम्ही वाकळ म्हणतो. ही वाकळ मी ताईच्या बाळासाठी शिवायला घेतली होती. ती वेळेत पोचते की नाही यावरून आमचं घर जवळजवळ फुटलं, आणि फुटायचं कारण होतं भाकरीचा एक तुकडा.

आमच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर आहेत आणि खाली अक्कांचे यंत्रमाग चालतात. टॉवेल विणले जात असले की आमची फरशी थरथरते आणि कपबशा फडताळात हळूहळू पुढे सरकतात. वर यायला लोखंडी जिना आहे, शिडीपेक्षा थोडा बरा. माझे वडील, अप्पा, एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुढे खिळे गेले, छापखानाही गेला, पण मोर्च्यांची पत्रकं काही आमच्या घरातून गेली नाहीत. फडताळात पत्रकं अंथरलेली, वह्यांना पत्रकांची कव्हरं, शेंगा फोडायच्या त्या पत्रकावर. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने वाचलेले शब्द होते 'जाहीर निषेध'. कसला निषेध, ते टरफलांखाली गेलं होतं.

अप्पांनी आम्हा भावंडांना तत्त्वाने वाढवलं. ताईला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं आणि मला शिवण. सोलापुरात पुरुष मशीनवर बसला तर कुणी मान वळवून बघत नाही. गल्लोगल्ली पुरुष गणवेश शिवत असतात. पण पैसे घेऊन शिवतो तो कारागीर आणि घरात भाचीसाठी शिवतो तो बायल्या, असा इथला न्याय आहे. मला तो मान्य नाही. ज्या कामाची मजुरी द्यायची नाही ते बाईचं ठरवायचं, आणि एकदा बाईचं ठरलं की मजुरीचा प्रश्नच नाही, ही सरळ चोरी आहे. असं मी एका पत्रकात लिहून बाजारात वाटलंही होतं. वाटून घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "चांगलं लिवलंस. आता माझ्या परकराला नेफा घाल." तो नेफा अजून राहिला आहे.

ताईचं सिझर झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण डॉक्टरांनी जिना बंद सांगितला आणि आमच्या घरात यायला जिन्याशिवाय वाट नाही. आई शाळेत पोषण आहार शिजवते, तिला तिकडे जाऊन राहण्याएवढी सुटी मिळेना. त्यामुळे ताई जुळे सोलापूर या भागात सासरीच राहिली, लिफ्टच्या इमारतीत. सासरची माणसं चांगली आहेत. सासूबाई मुलाशी कानडीत बोलतात, सुनेशी मराठीत, आणि बाळाशी दोन्हींत. त्यांनी बाळासाठी पॉलिस्टरचं ब्लँकेट आणलं होतं, त्यावर हसणारं अस्वल. चादरी विणणाऱ्या गावात जन्मलेल्या मुलीला पॉलिस्टरमध्ये गुंडाळतात, याबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही. दोन पानं जातील.

ताईचा रोज फोन यायचा. "वाकळ कुठवर आली?" तिच्या सासरी रीत अशी की बारशाला पाळण्यात माहेरचं अंथरूण घालतात. "तुमचं नाही आलं तर ते अस्वल घालतील," ती म्हणायची. एकदा म्हणाली, "आई येऊ शकत नाही, मला जिना चढता येत नाही. वाकळ तरी पाठवा रे. मला इथं झोपच लागत नाही." हसत हसत म्हणाली, पण मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. बारसं रविवारी होतं.

वाकळीचा वरचा थर आईच्या जुन्या साड्यांचा. त्यावर गणवेशाच्या कटपीसची ठिगळं, निळी, खाकी, चौकटीची. लांबून पाहिलं तर शाळा सुटल्यासारखं दिसायचं. मधल्या थरासाठी अप्पांनी त्यांचा मोर्च्याचा मांजरपाटाचा फलक दिला. त्यांचं म्हणणं होतं की घोषणा वरच्या बाजूला यावी. आईचं म्हणणं होतं की तो रंग बाळाच्या अंगाला लागेल. घोषणा आत गेली. "आत गेली तरी उलटी नको," अप्पा म्हणाले, आणि कुणालाही कधीही दिसणार नाही अशा ठिकाणी मी ती नीट सुलटी करून घातली.

मग आम्ही तिघं तीन बाजूंनी बसलो. धावदोरा बाहेरून आत घालत न्यायचा. आई बोलता बोलता टाके घालते, अप्पा टाके घालता घालता बोलतात, म्हणजे त्यांची सुई थांबते. शनिवारी दुपारी सगळं झालं, एक कोपरा तेवढा उघडा राहिला. आई उठली आणि डब्यातून कडक भाकरीचा तुकडा घेऊन आली.

कडक भाकरी आमच्याकडे घरोघरी असते. बाजरीची, पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली. महिनोन्महिने टिकते आणि चावली की शेजारी ऐकू जाते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घास. वाकळ उपाशी शिवायची नसती. शेवटच्या कोपऱ्यात घास घालायचा आन् मग तोंड शिवायचं."

"नाहीतर काय होतं?"

"उपाशी वाकळ पांघरणाऱ्याची ऊब खाती. रातभर पांघरली तरी सकाळी माणूस गारच."

अप्पांनी सुई खाली ठेवली. "वाकळीला पचनसंस्था नसते."

"मोर्च्याला तरी कुटं असती? तरी निघायच्या आदी वडापाव वाटताच की."

"तो मोर्चेकऱ्यांना वाटतो."

"ह्यो बी पांघरणारीसाठीच हाय."

मी अप्पांच्या बाजूने होतो, आणि ते लपवायचं काही कारण नाही. मूल जन्माला आल्यापासून त्याच्या अंगावर काळा टिक्का, मनगटात मणी, उशाखाली सुरी. त्यात आता पांघरुणाच्या पोटात भाकरी. कुठेतरी कुणीतरी थांबायला हवं, आणि ते आमच्या घरात थांबणार नसेल तर मग इतकी पत्रकं आम्ही कशासाठी छापली? हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू सुरीला आन् भाकरीला एका पंगतीला बसवू नगंस."

मग तिने जाहीर केलं की उपाशी वाकळ या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. अप्पांनी जाहीर केलं की भाकरी पोटात घेऊन ती त्यांच्या नातीपर्यंत पोचणार नाही. दोघांनी वाकळीचं एकेक टोक मांडीवर ओढून घेतलं. कोपरा उघडाच.

तासाभरात फ्रिजवर पत्रक लागलं. अप्पांनी हाताने लिहिलेलं, पण वर ठळक अक्षरात 'कुटुंबीयांना जाहीर आवाहन' आणि खाली 'आपला नम्र' असं रीतसर. वाकळ ही कष्टाची निर्मिती असून तिला कोणत्याही नैवेद्याची गरज नाही, असा मजकूर होता. आईने ते काढलं, जमिनीवर पसरलं, त्यावर भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन जेवली आणि पुन्हा फ्रिजवर लावलं. चटणीच्या तेलाने कागद पारदर्शक झाला होता.

संध्याकाळी अप्पांनी सभा बोलावली. आईची अट होती की अध्यक्ष बाहेरचा हवा, नाहीतर अध्यक्षपद अप्पाच घेतात. म्हणून खालच्या अक्का आल्या. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, पण भांडण कुठल्याही भाषेतलं असो, त्यांना समजतं. त्या कॉटवर बसल्या. अप्पांनी विषयपत्रिका वाचली, त्यावर एकच विषय होता.

अप्पांनी तडजोड मांडली: पोटात काहीतरी असायलाच हवं असेल तर चार घड्या करून एक पत्रक घालू. स्त्रीशिक्षणावरचं. नातीच्या पांघरुणात विचार असू दे.

"पोरगी मुतली की तुमचा इचार पाझरंल," आई म्हणाली. "शाई निघती त्येची."

मग मी माझी तडजोड मांडली. मला ती फार चांगली वाटत होती. दुपारभर मी त्यावर काम केलं होतं. मी कापडाची भाकरी शिवली होती. रुपयाएवढी, मांजरपाटाची, वर भाजल्याचे डाग म्हणून तपकिरी दोऱ्याचे तीन टाके. प्रतीक राहील आणि अंधश्रद्धा जाईल. आईने ती तळहातावर घेतली, उलटी करून पाहिली. शिवण चांगली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"म्हंजे उपाशी माणसाला भाकरीचं चित्र दावायचं व्हय?" ती म्हणाली. "सरकार तेच करतंय की. मग तुमी येगळे कशे?"

अप्पांनी खिशातून पेन काढून ते वाक्य टिपून घेतलं. पुढच्या पत्रकात ते येणार, हे मला तेव्हाच कळलं. आईच्या विरोधात मत देता देता ते तिचं वाक्य चोरत होते, आणि याबद्दल मी नंतर त्यांना बोललो.

मतदानासाठी ताईला फोन लावला. स्पीकरवर तिने सगळं ऐकलं, घास, पचनसंस्था, कापडाची भाकरी. "कडक भाकरी का?" तिने मध्येच विचारलं. "बाजरीची?" आई म्हणाली, "व्हय, बाजरीची." मग ताई म्हणाली, "आत काहीही घाला, नाहीतर काही घालू नका. उद्या बारा वाजता पाळणा आहे. मला वाकळ पाहिजे." अप्पांनी तिचं मत तटस्थ म्हणून धरलं. आम्ही दोन, आई एक. आईने निकाल अमान्य केला. अध्यक्षांनी दोघांचंही बरोबर आहे असं सांगितलं आणि फ्रॉकचं कुठवर आलं ते मला विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षात बसलो तेव्हा वाकळीचा कोपरा तसाच उघडा होता आणि त्यात सुई लटकत होती. वाकळ घरी ठेवून जाणं दोघांनाही मंजूर नव्हतं; वाद वाटेत मिटवू, एवढंच ठरलं होतं. तिघांच्या मांड्यांवर ती पसरली होती, कारण घडी घातली तर सुई टोचते. आईच्या पदराच्या गाठीत भाकरी होती, अप्पांच्या खिशात चार घड्यांचं पत्रक होतं. दोघंही एकमेकांच्या हातांकडे बघत होते.

पुलापर्यंत वाद ऐकून घेतल्यावर रिक्षावाल्याने आरशातून आईला विचारलं, "क्या डालने का झगडा है, बाजी?"

आईने सांगितलं.

"हमारी अम्मी तो इलायची डालते थे," तो म्हणाला. "खुशबू आती ना."

"बघा," अप्पा म्हणाले, "अंधश्रद्धेला धर्म नसतो."

"बघा," आई म्हणाली, "सगळ्यास्नी कळतंय, ह्यास्नीच कळंना."

फ्लॅटच्या दारात सासूबाई हसत उभ्या होत्या. हॉलमध्ये पाळणा टांगला होता, फुलांच्या माळा लागल्या होत्या, पाहुणे यायला सुरुवात झाली होती, आणि पाळण्याच्या कडेवर घडी घालून ते अस्वल तयार होतं. "आणलीत का वाकळ?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "एक कोपरा तेवढा राहिलाय, विहीणबाई. आत बसून टाके घालते." सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण प्रेमाने.

आतल्या खोलीत ताई पलंगावर टेकून बसली होती. बाळ शेजारी झोपलं होतं. तिने वाकळ दोन्ही हातांनी ओढून घेतली, तिच्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. मग खाकी ठिगळावर बोट ठेवून म्हणाली, "हे कुठल्या शाळेचं रे?" मला माहीत नव्हतं.

आई पलंगाच्या कडेला बसली, उघडा कोपरा जवळ घेतला आणि पदराची गाठ सोडून भाकरीचा तुकडा वाकळीवर ठेवला. अप्पांनी खिशातून पत्रक काढलं. बाहेर पाहुणे होते म्हणून भांडण कुजबुजत सुरू झालं.

"आत्ता इथं तरी हट्ट सोड."

"तुमी सोडा की. तुमी शिकलेले हाय."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आन् ह्यो माज्या नातीचा प्रश्न हाय."

मीही मध्ये पडलो; मतदान झालेलं आहे, याची आठवण करून दिली. आम्ही तिघं एकमेकांकडे तोंड करून कुजबुजत होतो, तेवढ्यात कडाड असा आवाज झाला. बाळ दचकलं आणि पुन्हा झोपलं.

ताई भाकरी खात होती.

निम्मा तुकडा संपला होता. आम्ही तिघं बघत असताना तिने उरलेला निम्माही तोंडात घातला, आणि चुऱ्याची रेघ उघड्या कोपऱ्यापर्यंत पडत गेली.

"अगं, तो वाकळीचा घास हुता," आई म्हणाली.

"मला भूक लागली होती."

"इथं खायला देत न्हाईत?"

"देतात गं, लई प्रेमाने देतात. मऊ भात, खीर, शेवया. बाळंतिणीचे दात हलतात म्हणून कडक काही द्यायचं नसतं म्हणे. तोंडात दात आहेत हेच मी विसरले." तिने ओठावरचा चुरा जिभेने घेतला. "आणि काल फोनवर तुमचं नुसतं भाकरी, भाकरी, भाकरी. तुमची सभा ऐकून मला रडू आलं. अजून आहे का?"

आईने पदर झटकून पाहिला. गाठीत काही नव्हतं. घरी डब्यात चळत होती आणि इथे एक तुकडासुद्धा नव्हता. माझ्या आईला मी अनेक वेळा हरलेलं पाहिलं आहे, रेशनच्या रांगेत, शाळेच्या मानधनाच्या बाबतीत, पण तिचा चेहरा असा पडलेला पाहिला नव्हता. ती लेकीकडे बघत होती आणि वाकळीकडे बघत होती, आणि दोघींपैकी कुणासाठी काय करावं हे तिला समजत नव्हतं.

अप्पांनी पत्रक खिशात परत ठेवलं. "चटणीशिवाय खाल्लीस?" त्यांनी ताईला विचारलं. विजय मिळालेल्या माणसाचा तो आवाज नव्हता.

बाहेरून सासूबाईंची हाक आली. झालं का, पाळणा थांबलाय.

आईने सुई हातात घेतली. मग दुसरा हात वाकळीवरून सावकाश फिरवला, साडीची सुरकुती काढावी तसा, ताईच्या बाजूने कोपऱ्याच्या बाजूला. चुरा त्या हातापुढे सरकत गेला आणि उघड्या कोपऱ्यात पडला.

"हे काय करतेस?" अप्पा म्हणाले.

"काय न्हाय. सांडलंय ते."

अप्पा विचारात पडले. ते खरोखर विचार करत होते. खिळे जुळवताना करायचे तसा चेहरा झाला होता. "ठेवलेलं असेल तर माझा विरोध कायम आहे," ते म्हणाले. "सांडलेलं असेल तर प्रश्न वेगळा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बघत होतास. सांडलं की ठेवलं?"

ताई माझ्याकडे बघत होती. आई बघत नव्हती, सुईकडे बघत होती. मी खोटी साक्ष देणाऱ्यांतला नाही, म्हणून मी नीट आठवलं. भाकरी ताईने खाल्ली. चुरा तिच्या हातून पडला. वाकळ सरळ करणं हा शिवणाचाच भाग आहे, ते मीही केलं असतं.

"सांडलं," मी म्हणालो.

दार उघडून सासूबाई आत आल्या. त्यांची नजर आधी पलंगावर गेली. "अय्यो, कोपऱ्यात चुरा गेलाय की. मुंग्या येतील. द्या इकडं, बाल्कनीत झटकून आणते."

"नको," आम्ही चौघं एकदम म्हणालो.

त्या दारातच थांबल्या. आमच्या घरात कधीच कुठला ठराव एकमताने झाला नाही, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, पण आमच्या आवाजाने त्या चपापल्या. "तुमच्याकडं काही पद्धत असते का तशी?" त्यांनी जपून विचारलं.

"पद्धत नाही," अप्पा म्हणाले. "आमच्याकडे फक्त सांडतं."

आईने कोपरा शिवला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.